ज्वारीवरचं पाखरू, लेस्वोसच्या तारेवर

लेस्वोसला पक्षी बघायला जायचं तर एप्रिलचा मध्य ते मेचा दुसरा आठवडा, एवढाच खरा हंगाम. त्याआधी गेलात तर निम्मी मंडळी अजून आफ्रिकेतच असतात. उशिरा गेलात तर ती पुढं निघून गेलेली असतात आणि मागं राहिलेली ऊन वाढलं म्हणून झाडीत गप्प बसतात. बेट ग्रीसचं, पण नकाशात ते तुर्कस्तानला खेटून आहे. उत्तर किनाऱ्यावर उभं राहिलं की समोरचा आशिया जेमतेम दहा किलोमीटर. क्रीट आणि एव्हिया सोडले तर ग्रीसमधलं हेच सगळ्यात मोठं बेट. पूर्वेला ऑलिव्ह आणि पाइनची राई, पश्चिमेला ज्वालामुखीचे उघडेबोडके डोंगर, आणि मधे कालोनीचं आखात जमिनीत पार आतपर्यंत शिरलेलं. समुद्र ओलांडून दमलेल्या पक्ष्यांना टेकायला ही जागा सोयीची. शिवाय आशियातले काही पक्षी पश्चिमेकडे पसरत पसरत इथपर्यंतच आले आहेत, त्यापुढं नाहीत. त्यामुळे वसंतात युरोपभरचे पक्षीवेडे दुर्बिणी गळ्यात अडकवून इथं येऊन पडतात.

मी जर्मनीत नोकरी करते. आप्पा त्या वर्षी माझ्याकडे आले होते आणि फ्लॅटमध्ये बसून कंटाळले होते. माझं लेस्वोसचं बुकिंग आधीच झालेलं होतं, तेव्हा त्यांचंही तिकीट काढलं. आप्पा म्हणजे माझे वडील, मंगळवेढ्याकडचे शेतकरी. मंगळवेढ्याची ज्वारी महाराष्ट्राला माहीत आहे, आता तिला भौगोलिक मानांकनही मिळालंय. त्या काळ्या रानात रब्बीची ज्वारी निसवली, कणसात दाणा भरायला लागला की पाखरांच्या झुंडी उतरतात. माळ्यावर उभं राहून गोफण फिरवायची, पत्र्याचा डबा बडवायचा, हाळ्या द्यायच्या, हे आप्पांचं शाळकरी वयातलं थंडीतलं काम. पाखरं हाकलण्यात ज्याचं बालपण गेलं, त्याला पाखरं बघायला पैसे भरून नेणं जरा धाडसाचंच होतं.

"अन् दावणारा माणूस किती घेतो?" त्यांनी विमानात विचारलं.

मी आकडा सांगितला नाही.

आमचा गाईड मूळचा हॉलंडचा. दर वसंतात बेटावर मुक्काम ठोकून हेच काम करणारा, साठीकडे झुकलेला, बोलायला कमी आणि ऐकायला तयार. गाडीत आमच्याशिवाय एक इंग्रज जोडपं होतं. त्यातल्या बाई निवृत्त शिक्षिका, नोंदी ठेवण्यात कडक. मी आप्पांना आप्पा म्हणते हे गाईडनं पहिल्या दहा मिनिटांत ऐकलं आणि दिवसभर तोही त्यांना आप्पाच म्हणत राहिला. आप्पा त्याला साहेब म्हणत होते. मधे दुभाषी मी. खरं सांगायचं तर दुपारनंतर माझी फारशी गरज उरली नव्हती.

उजाडता उजाडता कालोनीच्या मिठागरांवर पोचलो. गाईडचा पहिला नियम, गाडीतून उतरायचं नाही. गाडी हाच आडोसा. माणूस चालत आला की पक्षी शंभर पावलांवरून उठतात, पण गाडी दहा पावलांवर आली तरी त्यांना तिचं काही वाटत नाही. काचा खाली करून, इंजिन बंद करून बसलो. समोर मिठाचा पांढरा डोंगर, त्याच्या पायथ्याशी उथळ पाण्याचे चौकोन आणि त्या चौकोनांत सगळी आपली ओळखीची मंडळी.

ओळखीची, म्हणजे नावानं. उजनीच्या पाण्यावर, भिगवणला मी हे पक्षी कितीतरी हिवाळे बघितलेले आहेत. शेकाटे, उचाट्या, छोटे टिलवे, रोहित. पण बाकचोच तुतारी समोर आली आणि मी दुर्बीण खाली ठेवून परत वर घेतली. आपल्याकडे हा पक्षी राखी-पांढरा, चोचीचा बाक दिसला तरच ओळखायचा. इथं तो गळ्यापासून पोटापर्यंत विटेसारखा लाल. पाठीवर काळ्या-तांबूस पिसांची नक्षी, काही पिसांना अजून पांढरट कडा, म्हणजे कपडे बदलणं पुरतं संपलेलं नाही. तो इथं राहायला आलेला नाही, सैबेरियाच्या पार उत्तरेला, बर्फ वितळल्यावर तयार होणाऱ्या दलदलीत अंडी घालायला निघालाय. वाटेत चार दिवस मिठागरातले किडे खाऊन अंगात चरबी भरायची आणि पुढं जायचं.

रफ पक्ष्याचं तर विचारूच नका. उजनीला दिसतो तेव्हा तो इतका साधा तपकिरी असतो की नवशिक्याला त्याची ओळख पटवताना नाकी नऊ येतात. इथं नराच्या मानेभोवती पिसांची भलीमोठी झालर. एकाची पांढरी, एकाची तांबूस, एकाची जांभळट काळी, आणि दोघांची सारखी नाही. त्या झालरीचा उपयोग उत्तरेला गेल्यावर माद्यांसमोर मिरवायला. पण वाटेत थांबलेल्या त्या चिखलातही दोन नर एकमेकांसमोर झालर फुलवून सराव करत होते. इंग्रज बाईंना यात काही विशेष वाटलं नाही, त्यांच्याकडे वसंतात हे दिसतं. मी मात्र तिथंच अडकले. इतकी वर्षं आपण या पक्ष्यांचा सुट्टीवरचा अवतारच बघत आलो, कामावरचा कधी बघितलाच नाही, असं काहीतरी डोक्यात घोळायला लागलं.

चक्रवाकांची एक जोडी बांधावर उभी होती. गाईड म्हणाला, बेटावर थोडी कुटुंबं आहेत, ती इथंच पिल्लं काढतात. चक्रवाकाचं पिल्लू ही गोष्ट महाराष्ट्रात कुणी पाहिलेली नसणार, कारण आपल्याकडचे चक्रवाक त्या कामासाठी लडाख-तिबेटकडे जातात. आप्पांना चक्रवाक माहीत होता तो कीर्तनातून, रात्री ताटातूट होणारी जोडी म्हणून. दुर्बिणीच्या नळीतून त्यांनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "रातच्याला खरंच येगळी व्हत्यात का, इचार की साहेबाला." मी विचारलं. गाईडनं गंभीरपणे सांगितलं की रात्री चरताना जोडी विखुरते आणि एकमेकांना हाका मारत राहते हे खरं असू शकतं, पण त्यानं स्वतः रात्र जागून तपासलेलं नाही. आप्पांना हे उत्तर आवडलं. माहीत नाही असं म्हणणारा तज्ज्ञ त्यांना बहुधा पहिल्यांदाच भेटला होता.

मिठागरांवरून निघाल्यावर नदीच्या उतारावर थोडा वेळ थांबलो. वेडे राघू होते, एक छोटा बगळा पाणगवतात शिरला, बेडकांनी कान किटवले. ते सगळं छान होतं, पण दिवस तिथं घडला नाही.

आखाताच्या पूर्वेच्या काठाला अख्लाडेरीजवळ पाइनचं रान आहे. तिथं पिऱ्हा नावाचं प्राचीन शहर होतं. इसवी सनापूर्वी ३४५च्या सुमाराला ॲरिस्टॉटल या बेटावर येऊन दोनेक वर्षं राहिला, त्याचा सहकारी थिओफ्रॅस्टस याच बेटावरच्या एरेसोसचा. पिऱ्ह्याच्या उथळ खाडीतले मासे, शिंपले, समुद्री साळी यांच्याबद्दल ॲरिस्टॉटलनं लिहून ठेवलेल्या नोंदींत ही जागा नावानिशी येते. प्राण्यांचा अभ्यास म्हणजे बसल्या जागी तर्क लढवणं नाही, कोळ्याला विचारायचं, चिरून आत बघायचं, ही सवय त्याला लागली त्यात या आखाताचा मोठा वाटा आहे.

आणि याच ॲरिस्टॉटलनं असंही लिहिलंय की हिवाळ्यातला रॉबिन उन्हाळ्यात थिरथिरा होतो. एकच पक्षी, ऋतूप्रमाणे रूप बदलणारा. आज हसू येतं, पण ग्रीसमधल्या माणसाच्या जागी उभं राहून बघा. थंडीत रॉबिन दिसतात, उकाडा आला की ते उत्तरेला किंवा डोंगरावर निघून जातात. नेमके त्याच सुमाराला आफ्रिकेतून थिरथिरे येतात. दोघंही साधारण तेवढेच, दोघांच्याही अंगावर तांबूस रंग, दोघं एकाच वेळी समोर नाहीत. ज्याला अर्धंच वर्ष दिसतं तो उरलेलं अर्धं जुळवून टाकणारच. क्रौंच थंडीत सिथियाच्या, म्हणजे काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या मैदानातून इजिप्तच्या पलीकडे, नाइलच्या उगमाकडच्या दलदलीत जातात हे मात्र त्याला ठाऊक होतं. म्हणजे स्थलांतर ही कल्पना त्याला परकी नव्हती, छोट्या पक्ष्यांपर्यंत ती पोचवायला मधली माणसंच त्याच्याकडे नव्हती.

पाइनच्या रानात आम्ही क्रूपरची शिलिंध्री बघायला आलो होतो. एकोणिसाव्या शतकात ग्रीस आणि तुर्कस्तानात हिंडलेल्या एका जर्मन निसर्गअभ्यासकाचं नाव या पक्ष्याला मिळालंय. तुर्कस्तान आणि कॉकेशसच्या पाइनच्या रानात तो राहतो. ग्रीसमध्ये मात्र या एका बेटावरच. चिमणीहून लहान, डोक्याचा पुढचा भाग काळा, छातीवर एक गंजलेला डाग, कुणी बोट टेकवल्यासारखा. वाळलेल्या पाइनच्या मोडक्या बुंध्यात, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, त्याचं बीळ होतं. गाईडनं आम्हाला बऱ्याच अंतरावर उभं केलं आणि अजिबात पुढं सरकू दिलं नाही. एका तरुण पर्यटकानं मोबाइलवर पक्ष्याचा रेकॉर्ड केलेला आवाज लावला, तेव्हा हा शांत माणूस असा काही त्याच्याकडे बघून गेला की आवाज लगेच बंद झाला. ज्या पक्ष्याला दिवसात शेकडो खेपा घालून पिल्लांना चारायचंय, त्याला खोट्या शत्रूशी भांडायला लावायचं, यापेक्षा हलकट करमणूक नाही. हे माझं मत, गाईड असं काही बोलला नाही.

नर आला. बुंध्याच्या वरच्या बाजूनं, डोकं खाली शेपूट वर, असा उलटा उतरत बिळापाशी थांबला. चोचीत हिरवी अळी होती, ती अजून वळवळत होती. आतून पिल्लांचा बारीक चिरचिराट. अळी आत गेली, नर आत गेला, आणि बाहेर आला तेव्हा चोचीत पांढरी पुटकुळी, म्हणजे पिल्लाची विष्ठा. ती दूर नेऊन त्यानं एका फांदीला पुसली. आप्पा म्हणाले, "लेकरांचं हगणं-मुतणं बाप काढतोय. आमच्यात न्हवतं बाबा असलं." इंग्रज बाईंनी भाषांतर मागितलं. मी दिलं. त्या आप्पांकडे बघून पहिल्यांदा हसल्या.

तिथून पुढं पश्चिमेकडे जायचं होतं, इप्सिलूच्या मठाकडे, राखी भारीट बघायला. हा भारीट युरोपात फारच थोड्या ठिकाणी दिसतो, तुर्कस्तान, इराणचा काही भाग आणि ग्रीसची मोजकी बेटं एवढ्यातच त्याचं बस्तान, हिवाळ्यात तो सुदान-एरिट्रिया-येमेनकडे जातो. दुपारी डोंगरावर वारा सुटला की तो झुडपात दडतो, म्हणून गाईडला घाई होती. गाडी कालोनीबाहेरच्या शेतांमधून चालली होती. रस्त्याच्या कडेला काटेरी तारेचं कुंपण, आत गवत आणि थोडी बार्ली. आप्पा पुढच्या सीटवर होते.

"थांबव," ते म्हणाले. मराठीतच, पण गाईडचा पाय ब्रेकवर गेला.

तारेवर एक पक्षी बसून गात होता. डोकं काळंभोर, पाठ तांबूस तपकिरी, गळ्यापासून खाली सगळा पिवळाधमक. गाईडनं एक नजर टाकली आणि नाव सांगून गिअर टाकायला लागला. काळ्या डोक्याचा भारीट. मेमध्ये इथं कुंपणाकुंपणावर असतो. दुर्मीळ पक्ष्याच्या वाटेवर असल्यावर याच्यासाठी कोण थांबतो?

"ही आपल्या रानातली पाखरं हायती," आप्पा म्हणाले. "ज्वारीवर येत्यात ती."

मला हे पुस्तकातून माहीत होतं. हे भारीट हिवाळ्यात भारतात येतात हे मी कुणालाही सांगितलं असतं. पण माहीत असणं वेगळं, आणि ज्यानं लहानपणी सत्तरऐंशी पावलांवरून ते हजारोंनी उठताना बघितलेत त्यानं धावत्या गाडीतून तारेवरचा एकटा पक्षी ओळखणं वेगळं. मी गाईडला सांगितलं. त्यानं इंजिन बंद केलं. राखी भारीट गेला उडत.

पक्षी आमच्यापासून फार तर सातआठ मीटरवर होता. चोच राखी, जाडजूड, दाणा फोडायला बनलेली. गाताना ती पूर्ण उघडायची आणि गळ्यावरची पिवळी पिसं थरथरताना दिसायची. गाणं छोटंसं. दोनतीन अडखळते सूर, मग एकदम घसरत खाली येणारी लड. थांबायचं, मान तिरकी करून पलीकडच्या कुंपणाकडे कान द्यायचा, तिथून दुसऱ्याचं उत्तर आलं की परत सुरू. जवळच्या बोरीसारख्या काटेरी झुडपात एक फिकट, नजरेत न भरणारी मादी दोनदा शिरली आणि बाहेर आली. घरटं तिथंच, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर असणार, गाईडनं सांगितलं. अंडी उबवायचं काम एकटी मादी करते.

"आमच्याकडं ही गात न्हाईत," आप्पा म्हणाले. "नुसती चिवचिव करत्यात, अन् खात्यात."

गाईडनं मागं वळून विचारलं, "आणि आमच्याकडे ती कधी थव्यानं नसतात. किती मोठा असतो थवा?"

"मोजीत बसलो असतो तर कणसात दाणा ऱ्हायला नसता."

मग जे झालं ते मला फार आवडलं. गाईडनं खिशातून वही काढली आणि विचारायला लागला. कधी येतात? ज्वारी पोटरीत असताना का दाणा भरल्यावर? सकाळी किती वाजता उतरतात? रात्री कुठं झोपतात? आप्पा एकेक सांगत होते. बाभळीत झोपतात. ओढ्याकाठच्या दाट बाभळींवर सांजच्याला हजारोंनी गोळा होतात, अंधार पडेस्तोवर कालवा चालतो. एक थवा उठला की ढग उठल्यासारखा उठतो आणि पुढच्या पट्टीत पडतो, म्हणजे आपलं वाचलं तर शेजाऱ्याचं गेलं. पिवळी असतात, पण डोकी एवढी काळी नसतात. फाल्गुनाकडे काही नरांची डोकी काळी दिसायला लागतात, आणि तोवर ज्वारी काढून झालेली असते, त्यांचीही जायची वेळ होते.

डोक्याचं गाईडनं समजावलं. हिवाळ्यात नराच्या डोक्यावरची काळी पिसं फिकट तपकिरी कडांखाली झाकलेली असतात, वसंत जवळ आला की खालचा काळा उघडा पडतो. त्यानं अजून एक सांगितलं, ते मला तेव्हा नीटसं उमगलं. युरोपातले बहुतेक छोटे पक्षी हिवाळ्यात दक्षिणेला, आफ्रिकेत जातात. हा भारीट मात्र आग्नेयेला वळतो, तुर्कस्तान, इराण करत आपल्याकडे येतो. आपली भोरडी, तांबूला माशीमार, असे मोजकेच युरोपी पक्षी ही वाट धरतात. मंगळवेढ्यापासून त्या तारेपर्यंत सरळ रेघ ओढली तर ५,३०० किलोमीटर भरतात, आणि पक्ष्याचं वजन तीस ग्रॅमच्या आसपास. तो ग्रीसमध्ये एप्रिलच्या शेवटी येतो आणि ऑगस्टपर्यंत बहुतेक सगळे निघूनही गेलेले असतात. म्हणजे जेमतेम तीन महिने. महाराष्ट्रातल्या रानात तो त्याच्या जवळजवळ दुप्पट काळ काढतो. तरी आमच्या वह्यांत तो परदेशी, आणि सगळ्या पुस्तकांत त्याचं गाणं, घरटं, अंडी यांचीच पानंच्या पानं. ज्या रानात तो वर्षातला मोठा काळ खातोपितो, झोपतो, पिसं बदलतो, तिथली माहिती राखण करणाऱ्या पोरांकडे होती आणि ती कुणी विचारायला गेलं नाही. माझाही यात हातभार आहे. मी आप्पांना त्यांच्या पाखरांबद्दल कधी विचारलं नव्हतं, मी माझी पुस्तकं वाचत होते.

इंग्रज जोडपं या सगळ्यात शांत बसून होतं. शेवटी त्या बाईंनी विचारलं, गोफणीनं पक्षी मरायचे का? मी आप्पांना विचारलं. "हाकलायला मारायचो. लागला तर लागला." मग त्यांनी उलट विचारलं, "यांच्यात मारत न्हाईत का?" गाईडनं टाळलं नाही. युरोपीय संघानं १९७९च्या पक्षी-निर्देशानुसार वसंतातल्या शिकारीला बंदी घातलेली आहे, तरी भूमध्य समुद्राभोवती जाळी, सरस लावलेल्या काड्या आणि बंदुका यांनी बेकायदा मारल्या जाणाऱ्या पक्ष्यांचा २०१६ साली प्रसिद्ध झालेला अंदाज वर्षाला १ कोटी १० लाख ते ३ कोटी ६० लाख असा आहे. त्यात वर्षभर दुष्काळाशी झगडणाऱ्या शेतकऱ्याच्या पिकावरचे पक्षी फारसे नाहीत, बरेचसे ताटात चव म्हणून किंवा नेम धरायची मजा म्हणून. आप्पा म्हणाले, "असं व्हय," आणि डब्यातली शेंगाची चटणी गाईडपुढे धरली. त्यानं बोटावर घेऊन चाखली, डोळ्यांत पाणी आलं तरी अजून थोडी मागितली.

इप्सिलूला पोचलो तेव्हा वारा सुटलेला होताच. मठ एका विझलेल्या ज्वालामुखीच्या डोक्यावर आहे. खाली वीतभर गवत, दगड आणि मधूनच ओकची झाडं. पलीकडे सिग्रीच्या बाजूला सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीच्या उद्रेकात राखेखाली गाडलं जाऊन दगड झालेलं जंगल. राखी भारीट दिसला, लांबवर, एका खडकावर, वाऱ्यात पिसं विस्कटलेला. राखी अंग, पिवळसर डोकं. इंग्रज बाईंनी समाधानानं नोंद केली. आप्पांनी नळीतून बघितलं, "हा काय खास न्हाई" म्हणाले आणि खडकात चिकटलेल्या एका मडक्याकडे बोट दाखवलं. ते खडक-शिलिंध्रीचं घरटं होतं. खडकाच्या खोबणीवर चिखल थापून बाहेर आलेली सुरईसारखी मान, हाताला दगडच लागावा इतकी कडक. चिखलात किड्यांचे चकचकीत पंख, एकदोन पिसं दाबून बसवलेली. आप्पांनी नखानं टिचकी मारायला हात पुढं केला, गाईडनं नुसतं "आप्पा" म्हटलं, हात मागं आला.

तिथल्या दगडांवर रणगोजा होता. तो आपल्याकडेही माळावर हिवाळ्यात येतो, पण इथला बहुधा आफ्रिकेतला, गाईडनं मला आधीच बजावलं होतं की सगळं भारताशी जोडू नका. बरोबरच आहे. एक भारीट घरचा निघाला म्हणून सगळं बेट मंगळवेढ्याचं होत नाही.

परतीच्या वाटेवर त्यानं २०१५ची गोष्ट सांगितली. त्या वर्षी समोरच्या किनाऱ्यावरून रबरी होड्यांत बसून पाच लाखांच्या आसपास माणसं या बेटावर उतरली, सिरियातली, अफगाणिस्तानातली. पक्षी बघायला आलेले लोक पहाटे उत्तर किनाऱ्यावर गेले की दुर्बिणीत आधी होड्या दिसायच्या. पुढची काही वर्षं पर्यटक घटले, त्याचं काम बसलं. त्यानं हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. आप्पांनी विचारलं, ती माणसं आता कुठं आहेत? बहुतेक पुढं गेली, तो म्हणाला, काही राहिली.

संध्याकाळी स्काला कालोनीला एका खानावळीत बसलो. इथल्या खारवलेल्या सार्डिन प्रसिद्ध, पण आप्पा माळकरी. त्यांना उकडलेली रानभाजी, वर ऑलिव्हचं तेल आणि लिंबू, आणि ब्रेड असं मिळालं. भाजी त्यांना पाथरीसारखी लागली, ब्रेड नाही आवडला. इंग्रज बाई दिवसाची यादी मोठ्यानं वाचत होत्या, गाईड होकार भरत होता. काळ्या डोक्याच्या भारीटापाशी त्या थांबल्या आणि म्हणाल्या, याच्यापुढे "आप्पांनी शोधला" असं लिहिते.

आप्पांनी तिथूनच गावाकडे चुलतभावाला फोन लावला. गावाला रात्र झाली होती, पण अण्णा जागे होते. आप्पांचा आवाज इतका मोठा होता की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली.

"आरं, आपल्या ज्वारीवरली पिवळी पाखरं इथं हायत. हां, ग्रीसात. गात्यात. घरटी करत्यात. मालकीण अंडी उबवती, ह्यो तारंवर बसून गानं म्हनतो."

पलीकडून अण्णांनी विचारलं, तिथं ज्वारी आहे का?

आप्पांनी माझ्याकडे बघितलं, मी गाईडला विचारलं. पिल्लं असताना ते मुख्यतः किडेच खातात, तो म्हणाला, नाकतोडे, अळ्या.

"किडं खात्यात म्हने," आप्पांनी फोनवर सांगितलं.

थोडा वेळ अण्णा काही बोलले नाहीत. मग स्पीकर नसतानाही आम्हाला स्वच्छ ऐकू आलं, "मंग तिथल्या चांगल्या सवयी सोडून इकडं ज्वारी खायला कशाला येत्यात? इचार त्या साहेबाला!"

मी भाषांतर केलं. गाईड वही उघडून बसला, पेनचं टोपण काढलं, आणि मला म्हणाला, त्यांना विचार, त्यांच्या रानात हे किती वर्षांपासून येतात?